भास्करसरांची आई

आठवणी लिहायच्या असतील तर आधी सगळ्यांना माफ करून टाक, मग लिहायला बस, असं मला एका जाणत्या बाईंनी सांगितलं होतं. मी थांबले. लग्न झालं, मूल शाळेत जायला लागलं, कानशिलावर दोनचार पांढरे केसही आले, पण भास्करसरांना माफ करावं असं काही आतून वाटेना. उलट दरवर्षी थोडा थोडा राग वाढतच गेला. मग म्हटलं, माफी येईल तेव्हा येईल, तोवर राग ताजा आहे तर लिहून मोकळं व्हावं. वाचणारे मला खुनशी म्हणतील. म्हणू देत, मी आहेच.

आमचं घर वडवणीत, बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर. बाबा एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे घरातली सकाळ गाड्यांच्या हिशोबानं व्हायची. पहिली गाडी हॉर्न वाजवत स्टँडात शिरली की माय उठायची, दुसरी निघाली की चूल पेटलेली असायची. गॅस होता आमच्याकडे, पण भाकरीला आणि मसाला भाजायला मायला चूलच लागायची. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, दोन्हींना एकच पांढऱ्या फुलांचा हार, लांबवून घातलेला. त्यांच्यासमोर उभी राहून माय त्रिशरण म्हणायची आणि म्हणता म्हणताच एक कान बाबांकडे ठेवायची, कारण बाबा आंघोळीहून आले की खाकी शर्टाचं बटण कुठं गेलं म्हणून हमखास ओरडायचे. मग शेवटची ओळ जरा घाईत व्हायची. बाबा म्हणायचे, "तुझी वंदना एक्स्प्रेस हाय, कौसा. मधले थांबेच घेत न्हाई." माय हसायची नाही, पण भाकरी थापताना तिच्या बांगड्यांचा आवाज वाढायचा, त्यावरून ती आतून हसते आहे हे आम्हाला कळायचं.

आणि तिचं येसर. आमच्याकडच्या माणसाला येसर काय ते सांगावं लागत नाही, पण पुस्तक लांब जाईल म्हणून सांगते. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने आणि मसाला, सगळं वेगवेगळं खमंग भाजून दळायचं. हे पीठ कढत्या पाण्यात सोडलं की तपकिरी, दाट, झणझणीत आमटी होते. लग्न म्हटलं की येसराची आमटी आलीच. माय येसर भाजायला बसली की वास स्टँडापर्यंत जायचा. ड्रायव्हरलोक बाबांना विचारायचे, आज तुमच्यात पाहुणे हायत का?

माय हे येसर कुणाकडून शिकली नव्हती. ती वासावरून शिकली होती. ती लहान असताना तिच्या गावात एक मोठं घर होतं. त्या घरी लग्नकार्य असलं की माझी आजी पातेलं घेऊन मागच्या दाराशी उभी राहायची, पदराला धरून माय. वाढणारी बाई आमटी वरून ओतायची. वरून म्हणजे हातभर वरून, शिवाशिव नको म्हणून. कढत आमटी पातेल्यात कमी आणि आजीच्या हातावर जास्त पडायची. आजीच्या मनगटावर भाजल्याचे डाग होते, ते मी पाहिले आहेत. लहानपणी मला वाटायचं, म्हातारपणी सगळ्यांच्याच हातावर असे डाग येतात. माय मात्र त्या दाराशी उभी राहून नाकानं एकेक धान्य ओळखायची. लग्न होऊन स्वतःची चूल मिळाली तेव्हा तिनं आठवून आठवून, चुकत चुकत ते येसर जमवलं. आणि आमच्या घरात एक नियम केला, आमटी वाढताना पळी ताटाला टेकलीच पाहिजे. घाईत एखाद्या वेळी मी वरून वाढलं तर ती माझ्या हातावर चापट मारायची.

बी.ए. झाल्यावर मी बीडला नोकरी धरली. बियाणांच्या दुकानावर एक मजला होता, तिथं भास्करसरांचं ऑफिस. पूर्वी ते टायपिंगचे वर्ग चालवायचे. टायपिंग बंद पडलं तशी त्यांनी तीच टेबलं ठेवून वर कॉम्प्युटर मांडले आणि वेबसाइटवाल्यांना लेख पुरवायचा धंदा सुरू केला. मला नोकरी लागली तेव्हा बाबा म्हणाले, "तुजा सर म्हंजी तलवाड्याचा. गावात शिरलं की निळ्या फाटकाचं मोठं घर दिसतंय, ते त्यांचं. आमची गाडी तिथंच थांबती." बाबांना जिल्ह्यातला प्रत्येक माणूस तो कुठल्या थांब्यावर उतरतो त्यावरून माहीत होता.

आमचं काम काय होतं हे तेव्हा घरी नीट सांगताही यायचं नाही. कुणीतरी, कुठंतरी लिहिलेला लेख आमच्यापुढं यायचा आणि तो आम्ही दुसऱ्या शब्दांत लिहायचा, असा की मूळ लिहिणाऱ्यालाही आपला वाटू नये. आम्ही त्याला लेख परतणं म्हणायचो. परतण्याच्या युक्त्या ठरलेल्या होत्या. शेवटचा परिच्छेद वर घ्यायचा. 'तज्ज्ञांच्या मते'चं 'जाणकार सांगतात' करायचं. पुणं काढून बीड घालायचं. समुद्रकिनारी फिरण्याचे फायदे मी तळ्याकाठी फिरण्याचे फायदे करून दिले होते, त्यात खाऱ्या हवेचं काय करावं ते कळेना म्हणून 'ओलसर हवा' लिहून सोडलं. काश्मिरी सफरचंदाचे गुण आम्ही बालाघाटाच्या सीताफळाला चिकटवले. ते खाऊन कुणाला काही झालं असेल तर मला माहीत नाही. लेख झाला की सर तो कॉम्प्युटरवरच्या एका तपासणीच्या पेटीत टाकायचे. नक्कल असेल तिथं लाल दिसायचं, वेगळं असेल तिथं हिरवं, आणि खाली टक्के यायचे. नव्वदच्या वर गेलं की लेख पास. सरांनी आमचा एकही लेख कधी वाचला नाही. ते खुर्चीतून मान उंचावून एवढंच विचारायचे, "हिरवं झालं का?"

माझ्या शेजारी शाहीन बसायची. ती बीडचीच, बोटं माझ्यापेक्षा चपळ आणि जीभ त्याहून. ती म्हणायची, "मित्रा, ह्या मानसाला कुरान परतून दिलं तरी त्यो फकस्त हिरवंच बघंल." संघमित्रा हे माझं नाव कुणी पूर्ण घ्यायचं नाही. आता हे सगळं काम मशीन करतं म्हणे, एका दमात. माझा भाचा मला ते दाखवत होता, बघ आत्या, कसं झटक्यात नवीन होतं. मी बघितलं. मला तर तिथंही खुर्चीत भास्करसरच बसलेले दिसले.

तर झालं असं. एका मोठ्या पेपरच्या रविवारच्या पुरवणीचा आईवर विशेष अंक निघणार होता आणि संपादक सरांच्या ओळखीचे होते. सरांनी आम्हाला सांगितलं, कुणाला आईवर काही लिहायचं असंल तर द्या, मी पाठवतो. मी आठवडाभर खपून लिहिलं. परतलेलं नाही, माझं. चूल, त्रिशरण, येसराचा वास, मागचं दार, आजीचं मनगट, ताटाला टेकलेली पळी. लिहून झालं तेव्हा मला कळलं की आपल्याला लिहिता येतं. तोवर नुसतं परतता येतं असं वाटत होतं. मायला वाचून दाखवलं. ती भाकरी थापायची थांबली, पिठाचे हात तसेच हवेत.

"माझं नाव येईल का गं त्यात?" तिनं विचारलं.

"येईल की."

"पुरं? कौसाबाई असं?"

"पुरं येईल."

माय प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकली होती. पेपर आला की मथळ्यांवरून बोट फिरवत वाचायची. आपलं नाव त्या अक्षरांत येणार हे तिनं दुसऱ्या दिवशी गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलं. पाण्याच्या नळावर, पिठाच्या गिरणीत, कुठं सांगायचं ठेवलं नाही. रोज संध्याकाळी मी गाडीतून उतरले की ती विचारायची, "आलं का?" आणि मी सांगायची, अजून नाही. मला सरांना विचारायचं धाडस होत नव्हतं. शेवटी विचारलं तर ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "कच्चं हाय ते. पेपरवाले घेत न्हाईत असलं. आधी शिक." मी मान खाली घालून जागेवर येऊन बसले आणि मूळव्याधीवरचे घरगुती उपाय परतायला घेतले. मायला त्या संध्याकाळी काहीच सांगितलं नाही.

आणि मग एका सकाळी माझ्यापुढं फाइल उघडली. कामं वाटायची सरांची पद्धत अशी होती की लेखावर कुणाचं नाव नसायचं. सगळ्या फाइली एका ठिकाणी टाकायच्या आणि ज्या पोरीचं टेबल रिकामं तिनं उचलायची. सकाळची पहिली फाइल नेहमी दुसरी एक मुलगी उचलायची. ती त्या दिवशी आलीच नाही, म्हणून ही माझ्याकडे आली. वर सरांची सूचना होती: लेखक पुरुष. गाव तलवाडा. आईची आठवण. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. नव्वदच्या वर. आणि खाली माझी माय. माझं वाक्य न् वाक्य.

मी शाहीनला दाखवलं. तिनं वाचलं, सरांची खुर्ची रिकामी आहे ना बघितलं, आणि म्हणाली, "हराम का खाता है." मग म्हणाली, "जाऊन सांग त्यास्नी. माझं हाय म्हन." पण सांगून काय होणार होतं? ते म्हणाले असते, बरं, राहू दे, आणि फाइल दुसरीला दिली असती. मी काय पुरावा देणार, नाव तर कशावरच नव्हतं. मी कामाला लागले. खरं सांगते, पहिला अर्धा तास मी नुसतं काम केलं, सवयीनं. बोटं आपोआप चालत होती. चुलीचा परिच्छेद खाली गेला, 'खमंग'चं 'सुवासिक' झालं. आणि 'त्रिशरण म्हणायची' या जागी बोटांनी लिहिलं, 'तुळशीला पाणी घालायची.' आमच्या परतलेल्या लेखांतल्या सगळ्या आया तुळशीला पाणी घालायच्या. ती पटकन होणारी गोष्ट होती. मी ते वाक्य वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. माझ्याच हातानं मी माझ्या मायला तिच्या घरातून उठवून दुसऱ्याच्या अंगणात उभं केलं होतं. माणूस आपल्याला लुटतोय आणि गाठोडं आपणच बांधून देतोय!

शाहीन माझ्या पडद्याकडे बघत होती. म्हणाली, "रडू नको. परत. पर असं परत की चटका बसला पाह्यजे."

मी तुळस पुसली. त्रिशरण परत लिहिलं, फक्त शब्द फिरवून. बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, एकच हार, तोही ठेवला. सरांना आई पाहिजे होती ना, मग घ्या, सगळी घ्या. अर्धी आई कुणाला मिळत नाही. मी त्यांच्या सूचनेबाहेर एक अक्षर गेले नाही. लेखक पुरुष? 'चुलीपाशी मी मायचा पदर धरून उभी' याचं 'उभा' केलं. गाव तलवाडा? घातलं तलवाडा. मूळ लेखात मोठ्या घराचा पत्ता नव्हता, पण गाव बदललं की खाणाखुणा बदलाव्या लागतात हा तर आमच्या धंद्याचा पहिला नियम. तलवाड्यात मोठं घर कुठलं ते बाबांनी मला सांगूनच ठेवलं होतं. मी लिहिलं, 'वेशीतून आत आलं की निळ्या फाटकाचं घर लागतं. त्या घराच्या मागच्या दारी माझी आजी पातेलं घेऊन उभी राहायची आणि आमटी वरून ओतली जायची.' शेवटी लिहिलं, 'त्या आजीचा मी नातू आहे.' डोळ्यांत पाणी आलं पाहिजे म्हणाले होते. शाहीनच्या आलं.

सरांनी लेख पेटीत टाकला. मान उंचावली. सगळं हिरवं. "शाबास," ते म्हणाले, आणि तिथूनच पाठवून दिला. नोकरीत मला मिळालेली ती एकमेव शाबासकी.

रविवारी पुरवणी आली. वर सरांचा कोट घातलेला फोटो, खाली लेख. सरांनी सकाळीच तो पाहुण्यारावळ्यांना, गावच्या ग्रुपवर, सगळीकडे पाठवून दिला होता, न वाचता. घरी मायनं पेपर घेतला. बोट फिरवत फिरवत ती निम्म्यावर आली आणि थांबली. "ही तर मी हाय," ती म्हणाली. मग बोट वर नेऊन फोटोवर ठेवलं. "पर ह्यो कोन?"

मी सांगितलं सगळं. मायनं पेपरची घडी घातली. नळावरच्या बायांना आता काय तोंड दाखवायचं, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मग म्हणाली, "माझी माय तू त्याला देऊन टाकलीस व्हय गं?"

"दिली न्हाई, माय. त्याच्या गळ्यात घातली. बघ तू."

सोमवारी आम्ही जेमतेम टेबलाशी बसलो होतो तोच जिन्यावर पावलं वाजली. तलवाड्याचे एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्यासोबत चारपाच माणसं, स्वच्छ पांढरे कपडे, हातात शाल आणि पुष्पगुच्छ. "जय भीम, भास्करराव!" म्हणत गुरुजींनी सरांना कडकडून मिठी मारली. सर गोंधळले, पण शाल दिसल्यावर हसले. गुरुजींनी ती त्यांच्या खांद्यावर घातली. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते.

"इतकी वर्सं तुमाला आमी परकं समजत होतो," गुरुजी म्हणाले. "निळ्या फाटकापाशी आमच्या सगळ्यांच्याच माया उभ्या राहिल्यात. माझी सुदिक. पर आजवर कुनी लिहिलं न्हाई. तुमी लिहिलं. त्या घरात राहून लिहिलं! एक इचारू का? तुमी त्या घरात दत्तक गेलतात का?"

मी ते निळं फाटक फक्त सरांना चटका बसावा म्हणून घातलं होतं. तिथं खरंच काय होत होतं ते मला ठाऊक नव्हतं. गुरुजींचं बोलणं ऐकलं आणि माझा राग दुप्पट झाला, कारण आता तो माझ्या एकटीचा राहिला नाही.

सर म्हणाले, "दत्तक? कसलं दत्तक?" आणि टेबलावरचा पेपर ओढला. स्वतःचा लेख त्यांनी तेव्हा पहिल्यांदा वाचला. माझ्या आयुष्यात मी बरीच माणसं वाचताना पाहिली, पण इतक्या मन लावून वाचणारा माणूस दुसरा पाहिला नाही. ओठ हलत होते. रंग उतरत चालला होता. ते दुसऱ्या परिच्छेदावर असतील नसतील तोच त्यांचे थोरले भाऊ आले, ज्यांना सगळे अण्णा म्हणत. गावाकडून थेट आलेले, पायांवर धूळ, हातात गुंडाळलेला तोच पेपर.

"भास्करा, आपल्या आईला आपल्याच मागच्या दारात उभं केलंस बे?" अण्णा ओरडले. मग त्यांना गुरुजी दिसले, शाल दिसली, आणि त्यांचा आवाज आणखी चढला. "सारं गाव फोन करायलंय मला! कावून लिहिलंस हे?"

"मी न्हाई, अण्णा, हापिसातल्या पोरींनी काहीतरी..."

"म्हंजी तुमी लिहिलं न्हाई?" गुरुजींनी विचारलं. अगदी हळू विचारलं.

सरांनी गुरुजींकडे बघितलं, मग अण्णांकडे. हो म्हणावं तर भाऊ तुटतो, नाही म्हणावं तर फोटोसकट छापलेली चोरी कबूल होते. कूलर घरघरत होता. ती दोन मिनिटं मी आजही पैसे मोजून विकत घेईन.

"न्हाई," सर शेवटी म्हणाले. "ही माझी आई न्हाई."

"मग कुनाची हाय?" गुरुजी म्हणाले.

मी उभी राहिले. "माझी. वडवणीची कौसाबाई. आधी लिहिलं तेही मीच, अन् परतलं तेही मीच. सरांनी सांगितलं तसंच परतलं. सरांनीच हिरवं म्हणून पास केलं."

गुरुजी पुढं झाले, सरांच्या खांद्यावरची शाल त्यांनी स्वतःच्या हातानं काढली, नीट घडी घातली आणि काखेत धरली. जिना उतरताना त्यांना सोबतच्या माणसाचा आधार घ्यावा लागला. अण्णा त्यांच्या मागोमाग निघून गेले. सर मला म्हणाले, "तू जा. उद्यापास्नं येऊ नको." मी डबा उचलला. शाहीननंही उचलला, तिला कुणी काही म्हटलं नव्हतं तरी.

गुरुजींनी संपादकांना फोन केला असणार, कारण चौथ्या दिवशी भास्करसर आमच्या दारात उभे होते. बाबांची सुट्टी होती. खाटेवर बसून ते रेडिओची तार जोडत होते. सरांना बघून त्यांनी उठून जागा दिली, सवयीनं, जशी गाडीत देतात. सरांचं म्हणणं थोडक्यात असं, की संपादकांनी लेखी खुलासा मागितलाय. मी एका कागदावर लिहून द्यायचं की लेख माझा आहे, पण मी तो राजीखुशीनं सरांना वापरायला दिला होता, आणि छापताना नावात चूक झाली. "तुला परत कामावर घेतो," ते म्हणाले. "जिल्ह्यात चार लोक मला मानतात, मित्रा. नाव जायला लागलंय माझं."

नाव! मी तोंड उघडणार तोच माय आतून ताट घेऊन आली. जेवायची वेळ झालेली होती आणि आमच्या घरात त्या वेळेला आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय कुणी सोडत नसे, चोर का असेना. बाजरीची भाकरी, कांदा, शेंगदाण्याची चटणी आणि वाफाळतं येसर. तिनं ताट सरांच्या पुढं ठेवलं आणि समोर बसली. "आधी जेवा," ती म्हणाली. "कागदाचं मंग बघू."

सरांनी ताटाकडे बघितलं. भिंतीवरच्या फोटोंकडे बघितलं. हात मांडीवरच राहिले. "नको मावशी," ते म्हणाले. "आज उपास हाय माझा."

"कशाचा?" बाबांनी रेडिओ बाजूला ठेवत विचारलं. कंडक्टर माणूस, त्यांना वार, तिथी, बाजार सगळं पाठ. त्या दिवशी कशाचाही उपास नव्हता. सरांनी नजर रेडिओकडे वळवली. पाण्याचा तांब्याही तसाच भरलेला होता, त्यालाही त्यांनी हात लावला नव्हता.

मायला समजायला वेळ लागला. तिचा चेहरा आधी नुसता पाहुण्याला आग्रह करणाऱ्या बाईचा होता. मग तो बदलत गेला, आणि मला वाटतं त्या क्षणी ती परत लहान झाली, मागच्या दाराशी, आजीचा पदर धरून. बोलली तेव्हा आवाज चढवला नाही.

"मित्रा लिहून देईल तुमाला काय पाह्यजे ते," ती म्हणाली. "मी सांगते तिला. पर एवढं ताट जेवा."

मी ओरडले, "माय!" तिनं हातानं मला गप्प केलं. सरांच्या कपाळावर घाम आला होता. एक भाकरी आणि वाटीभर आमटी, एवढ्यावर त्यांचं नाव वाचत होतं. घरात आम्ही चौघंच. कुणाला कळणारही नव्हतं. त्यांचा उजवा हात उठला, भाकरीच्या काठाला लागला, आणि मागं गेला. त्यांनी तो पँटला पुसला. नकळत पुसला असेल, पण पुसला.

"जमत न्हाई, मावशी," ते म्हणाले आणि उठले.

माय बसल्या जागेवरून हलली नाही. "मला आई म्हनून साऱ्या जिल्ह्यात छापून आनलंस," ती म्हणाली, "अन् माझ्या हातचा घास नको व्हय रं तुला?"

सर चपला हातात घेऊनच बाहेर पडले, रस्त्यावर जाऊन घातल्या. पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत खुलासा आला, लेखातली आई वडवणीच्या कौसाबाई आहेत आणि लेख त्यांच्या मुलीचा आहे म्हणून. मायचं नाव पुरं आलं. गल्लीतल्या बायांनी ते तिच्याकडून दोनदोनदा वाचून घेतलं. पण मला त्या खुलाशापेक्षा ते ताट जास्त आठवतं. सर गेल्यावर बाबांनी ते उचलायला हात पुढं केला, तर मायनं त्यांना थांबवलं आणि ताट माझ्याकडे सरकवलं. येसरावर अजून वाफ होती. मी भाकरी कुस्करली, आमटीत कालवली, आणि तो माणूस ज्या दारातून गेला त्या उघड्या दाराकडे तोंड करून पोटभर जेवले.